अब्बांचे फोल्डर आणि नवी विंडोज

गेल्या ऑक्टोबरात आमच्या घरच्या संगणकाच्या पडद्यावर एक सूचना वारंवार येऊ लागली. विंडोज १० ची मुदत संपत आहे, आता पुढची आवृत्ती घ्या, असा तिचा मथितार्थ. दोन-तीन वेळा आम्ही ती 'नंतर बघू' म्हणून बंद केली. चौथ्या वेळी लेकीने टोकले, "अब्बू, याच संगणकावरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता ना?" तेव्हा मात्र विषय दस्तरख्वानावर आला, आणि पुढची दिवाळीची सुट्टी त्यातच गेली.

हा संगणक २०१३ सालचा. आमचे मरहूम अब्बा मुदर्रिस म्हणून निवृत्त झाले तेव्हा घेतलेला. आला तेव्हा त्यात विंडोज ७ होती. २०१६ मध्ये मोफत विंडोज १० मिळत होती म्हणून ती घेतली. त्या वेळी एक बटण दाबले, दोन-तीन तास थांबलो आणि काम झाले. त्यामुळे या वेळीही तसेच होईल असे आम्ही धरून चाललो होतो.

तसे झाले नाही. वाचकांपैकी अनेकांच्या घरी असाच जुना संगणक असेल, म्हणून कारण नीट सांगतो. विंडोज १० ला सुरक्षेची नियमित डागडुजी मिळणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. संगणक बंद पडत नाही, चालूच राहतो. पण नव्याने सापडलेली भोके बुजवायला कोणी येत नाही. विंडोज ११ मोफत आहे खरी, पण ती प्रत्येक यंत्रावर चढत नाही. तिला निदान ४ जीबी रॅम लागते, ६४ जीबी जागा लागते, आणि मदरबोर्डवर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. प्रोसेसरही ठराविक यादीतला लागतो. इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७ च्या अखेरीस बाजारात आलेला किंवा त्यानंतरचा. आमचा चौथ्या पिढीतला. मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम मोफत मिळतो, तो हे सगळे तपासून सांगतो. आमच्या संगणकाला त्याने साफ नकार दिला.

मग दुकान. तिथला मुलगा तरतरीत, आमच्याच एका विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ. म्हणाला, "सर, काय टेन्शन घेता? टीपीएम बायपास करून अकरा टाकतो, क्रॅक ऑफिस पण देतो. फॉरमॅट मारू का?"

या एका वाक्यात तीन गोष्टी होत्या आणि तिन्हींवर आमच्या घरी वाद झाला.

पहिली, बायपास. असा मार्ग आहे, लोक तो वापरतात. पण न चालणाऱ्या यंत्रावर जबरदस्तीने चढवलेल्या विंडोजला पुढे सुधारणा मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. ज्या डागडुजीसाठी आपण बदलायला निघालो, तिचीच खात्री नसेल तर खटाटोप कशाला? आम्ही नको म्हटले.

दुसरी, क्रॅक. यावर आमच्याकडे बरेच जण 'सगळेच वापरतात' म्हणून पुढे जातात. आम्हीही वर्षानुवर्षे गेलो आहोत, खोटे कशाला बोलावे? पण १९८८ साली कुवेतमध्ये भरलेल्या पाचव्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरचे हक्क हे शरीअतच्या दृष्टीने राखले गेलेले हक्क आहेत, त्यांच्यावर अतिक्रमण करता येत नाही, असा ठराव केला. दुकानातून चार रुपयांची मिरची न सांगता उचलणार नाही असे आम्ही वर्गात मुलांना शिकवतो आणि घरी येऊन चोरीच्या प्रोग्रॅमवर प्रश्नपत्रिका तयार करतो, हे लेकीने तोंडावर सांगितले. आम्ही गप्प बसलो. शिवाय हे क्रॅक चालवण्यासाठी आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. चोराला आत घ्यायचे म्हणून राखणदाराला सुट्टी देण्याचाच तो प्रकार.

तिसरी गोष्ट, फॉरमॅट. दुकानातला मुलगा हा शब्द 'चहा मारू का' म्हणावे तसा उच्चारतो. याबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल.

२०२० मध्ये, अब्बांच्या इंतकालनंतर काही महिन्यांनी, हा संगणक फार रेंगाळू लागला होता. आम्ही तो एका दुकानात नेला. त्यांनी विचारले, "सी ड्राइव्ह उडवून नवीन टाकू?" आम्ही "टाका" म्हटले. त्यांची चूक नाही, हो आम्हीच म्हटले होते. सी म्हणजे काय आणि डी म्हणजे काय, हे आम्हाला तेव्हा नीट ठाऊक नव्हते. डेस्कटॉपवर दिसणारे फोल्डर, 'डॉक्युमेंट्स', 'डाउनलोड्स' हे सगळे सहसा सी मध्येच असते. अम्मी-अब्बांच्या हजचे फोटो डेस्कटॉपवर होते. ते गेले. काही छापलेले आहेत, बाकीचे अम्मींच्या आठवणीत.

त्या वेळी आणखी एक गोष्ट गेली होती आणि ती गेल्याचे आम्हाला पाच वर्षे कळलेच नाही. ते या दिवाळीत कळले.

नवे काही करण्याआधी या वेळी तरी घरातले सगळे बाहेर काढून ठेवू, म्हणून आम्ही डी ड्राइव्ह उघडला. त्यात 'अब्बा' नावाचे फोल्डर होते आणि त्यात ४१ फायली. नावे फक्त आकड्यांची, १ पासून ४१ पर्यंत. अब्बा रोज असरनंतर तासभर काहीतरी टाइप करत बसत, हे आम्ही सगळ्यांनी पाहिले होते. विचारले की म्हणत, "गावाचे लिहितोय, झाले की दाखवीन." एका फाइलवर क्लिक केले. 'ही फाइल कशाने उघडू?' असे संगणकानेच आम्हाला विचारले. नोटपॅडने उघडून पाहिली तर चौकोन, प्रश्नचिन्हे आणि उलटसुलट इंग्रजी अक्षरांचा खच.

अब्बा इनपेजमध्ये लिहीत. भारतातल्या उर्दू वर्तमानपत्रांत, मदरशांत, लग्नाचे रुक्के छापणाऱ्या छापखान्यांत वर्षानुवर्षे हाच प्रोग्रॅम चालत आला. नस्तालीक लिपी संगणकावर बसवणे हे सोपे काम नव्हते. अक्षरे एकमेकांच्या खांद्यावर उतरत्या रांगेत बसतात. मिर्झा अहमद जमील यांनी १९८१ च्या सुमारास हजारो जोडाकृती हाताने लिहून नूरी नस्तालीक सिद्ध केली, त्यावर पुढे हे सारे उभे राहिले. पण या प्रोग्रॅमची जुनी फाइल त्याच प्रोग्रॅमला वाचता येते. आणि प्रोग्रॅम होता सी ड्राइव्हमध्ये. अब्बांशिवाय तो कोणी वापरत नव्हते, म्हणून गेल्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही. त्याची सीडी शोधली. सापडलीही. पण ती कोणीतरी अब्बांना उतरवून दिलेली नक्कल होती, नव्या विंडोजवर ती बसेना. क्रॅकविषयी आम्ही वर एवढे लिहिले ते कोणाला उपदेश म्हणून नव्हे. नकलेचा प्रोग्रॅम अडला की दाद कोणाकडे मागायची हा प्रश्न आमच्याच घरात उभा राहिला.

अम्मींना आम्ही सांगितले की फायली उघडत नाहीत. त्या तसबीह ओढत बसल्या होत्या. म्हणाल्या, "उनोका लिखेला उसमेंच है ना? है तो निकलेगा."

मराठीची तऱ्हाही वेगळी नाही, हे इथेच सांगतो. शाळांतल्या, पतसंस्थांतल्या, जमातच्या दफ्तरातल्या पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या मराठी फायली बहुधा श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा पद्धतींच्या जुन्या फाँटमध्ये आहेत. त्या फायलींत खरे तर मराठी नसतेच. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच. फाँट त्यांना मराठी अक्षरांचे मुखवटे चढवतो. नव्या संगणकात तो फाँट नसला की मुखवटा गळतो आणि खालची गिचमिड दिसते. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. आपल्या 'क'चा २३२५, उर्दूतल्या बडी येचा १७४६. फाँट बदलला तरी क बदलत नाही, फार तर वळण बदलते. म्हणून विंडोज बदलण्याआधी जुनी मराठी फाइल एकदा वर्डमध्ये उघडा, मजकूर निवडा आणि वरच्या चौकटीत फाँटचे नाव काय आहे ते कागदावर लिहून ठेवा. फाँट संगणकात नसला तरी नाव तिथे दिसते. कोणत्या फाँटमधून युनिकोडमध्ये न्यायचे हे ठाऊक असले तरच परिवर्तक कामाचा.

आमचे काम एका कातिब चाचांनी केले. पूर्वी हाताने किताबत करत, पुढे संगणकावर आले, आजही रुक्के आणि जलशांची पत्रके छापतात. त्यांच्या दुकानात अजून विंडोज एक्सपी चालते. तिची मुदत एप्रिल २०१४ मध्येच संपली. पण त्या यंत्राला चाचा इंटरनेटची तार लावूच देत नाहीत. "त्याला बाहेरचे वारे नको," म्हणतात. तांत्रिकदृष्ट्याही ते बरोबरच आहे. मुदत संपलेला संगणक ठेवायचाच असेल तर तो जाळ्याबाहेर ठेवावा. धोका उरतो तो पेन ड्राइव्हचा. आमचा पेन ड्राइव्ह तिथून घरी आल्यावर लेकीने आधी तो तपासला आणि तीन नको असलेले पाहुणे सापडले. चाचांना हे सांगितले तर ते हसले आणि म्हणाले, "पाहुणे तुमच्याकडूनच आले असतील."

४१ पैकी ३८ फायली उघडल्या. १७, २३ आणि ४० या तीन उघडल्या नाहीत. चाचांच्या मुलाकडे प्रोग्रॅमची नवी, विकत घेतलेली आवृत्ती आहे, तिच्या मदतीने अडतीस फायलींचा मजकूर युनिकोडमध्ये निघाला. पैसे घेईनात. अब्बांच्या हाताखाली शिकलेले.

आम्हाला वाटले संपले. पण इतक्यात संपणारे काम नव्हते ते. जुन्या पद्धतीत उर्दू टाइप करताना लोक दोन शब्दांमध्ये जागा सोडत नसत, कारण नस्तालीकमध्ये अक्षराच्या शेवटच्या आकारावरूनच शब्द सुटलेला दिसतो. युनिकोडमध्ये आल्यावर ते शब्द एकमेकांना चिकटले, तर काही मधूनच तुटले. आणि आकडे उलटे झाले. उर्दू उजवीकडून डावीकडे आणि आकडे डावीकडून उजवीकडे, त्या ओढाताणीत परिवर्तकाने सगळी सनावळी फिरवली. लेक मोठ्याने वाचत होती, "सन २७९१ चा दुष्काळ..." आणि वाचता वाचता हसायला लागली.

अम्मी हसल्या नाहीत. "बहात्तरका," म्हणाल्या. "पढ आगे."

मग इशानंतर रोज बैठक होऊ लागली. लेकीने वाचायचे, अम्मींनी ऐकायचे, आम्ही चुका दुरुस्त करायच्या. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावची १९७२ ची हकिगत आम्ही पहिल्यांदा अब्बांच्या शब्दांत ऐकली. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या आमच्या आजीच्या तळहाताचे वर्णन आहे. वाटपाची सुकडी पदरात बांधून ती घरी आणत असे. मशिदीच्या ओसरीवर भरणारा उर्दूचा पहिला वर्ग आहे, एकच कंदील असलेला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्याही गावात भिंती हलल्या. त्या सकाळी मदतीला निघालेल्या ट्रकमध्ये कोण कोण बसले याची नावे अब्बांनी लिहून ठेवली आहेत. त्यातले दोघे आज हयात आहेत. मध्येच एके ठिकाणी अम्मी थांबवून म्हणाल्या, हे चूक आहे, ती म्हैस आपली नव्हती, शेजाऱ्यांची होती. आम्ही मजकूर बदलला नाही, खाली टीप दिली.

एक शब्द दोन दिवस लागत नव्हता. परिवर्तकाने त्याचे तीन तुकडे केले होते. अम्मींनी लेकीला तो पुन्हा पुन्हा वाचायला लावला आणि अखेर ओळखला. अब्बा त्यांना ज्या नावाने हाक मारत ते नाव होते. ते इथे लिहीत नाही.

आता संगणकाचे काय केले ते सांगायला हवे, कारण शाळेतले सहकारी आम्हाला तेच विचारतात. विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेची डागडुजी आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मिळू शकते. त्यासाठी नाव नोंदवावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत जाऊन सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. संगणकात विंडोज १० ची शेवटची, २२एच२ ही आवृत्ती असावी लागते. 'विंडोज अपडेट'च्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. आम्ही तो मार्ग घेतला. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि रॅम ४ ची ८ केली. संगणक इतका चपळ झाला की नव्याची घाईच संपली. दुकानातल्या त्याच मुलाने हे काम केले, आणि नेटके केले.

या वर्षात आम्ही लिनक्स शिकून घेणार आहोत. ते मोफत आहे, उघड परवान्याने दिलेले आहे, त्यात क्रॅकचा प्रश्नच येत नाही. केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षे त्यावरच चालतात. लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर घेऊन, संगणकातले काहीही न पुसता, नुसते चालवून पाहता येते. आम्ही पाहिले. मराठी लगेच दिसली, उर्दूसाठी नोटो नस्तालीक हा मोफत फाँट टाकावा लागला. अडचणी आहेत. आमचा जुना प्रिंटर त्याने ओळखला नाही. विंडोजसाठी केलेले प्रोग्रॅम त्यावर सरळ चालत नाहीत. लेकीच्या कॉलेजात जे लागते ते त्यावर चालेल का, हे एकेक करून तपासणे चालू आहे. घरातल्यांना नवी पाटी गिरवायला लावायची तर सबुरी हवी. अम्मींना यूट्यूबवर किरात लावता आली की त्यांचा प्रश्न सुटला, आम्हाला मात्र हात बसायला वेळ लागेल.

ज्यांचा संगणक विंडोज ११ ला पात्र आहे त्यांनी खुशाल घ्यावी. पण कोरी बसवली तर एक गोष्ट खटकेल. मराठीचा मंगल आणि उर्दूचा उर्दू टाइपसेटिंग हे फाँट त्यात सुरुवातीला नसतात, जुनी फाइल उघडली की वळण आणि ओळी बदललेल्या दिसतात. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये जाऊन देवनागरी आणि अरबी लिपीचे पूरक फाँट मागवून घ्यायचे, की सगळे जागेवर येते. दुसरे, काही संगणकांत डिस्क कुलूपबंद होते आणि तिची ४८ आकडी किल्ली असते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ती पाहता येते. बदल करण्याआधी ती कागदावर उतरवून ठेवा. ऐन वेळी पडदा ती मागतो आणि तेव्हा संगणकाच्या आत जायचा मार्ग बंद असतो.

आणि प्रती दोन करा. एक बाहेरच्या डिस्कवर, एक घराबाहेर, नात्यातल्या कोणाकडे तरी. आमची दुसरी प्रत पुण्याला आपाकडे आहे. तिने ती त्याच रात्री वाचून काढली आणि फोनवर बराच वेळ काही बोललीच नाही.

१७, २३ आणि ४० अजून बंद आहेत. चाचांचे म्हणणे, घाई करू नका, रमजान होऊ दे, ईदनंतर पुन्हा बसू. जुनी हार्ड डिस्क आम्ही पुसलेली नाही. तिच्यावर तारीख घालून, चिठ्ठी चिकटवून, ती अम्मींच्या कपाटात घराच्या उताऱ्यांच्या पिशवीत ठेवली आहे. दुकानातल्या मुलाने विचारले होते, जुनी डिस्क दोनशे रुपयांना घेऊ का. अम्मी दारातूनच नको म्हणाल्या.